पंधरा मोजेपर्यंत

३ फेब्रुवारी

वरच्या कार्यालयाचा फतवा आहे: महिनाअखेरपर्यंत सगळ्या यंत्रांवरची जुनी कार्यप्रणाली बदला, नाहीतर तुमची यंत्रं जाळ्यातून काढून टाकू. म्हणून आज सकाळपासून आमच्या म्हाताऱ्या सर्व्हरसाठी नवा कर्नल बांधत बसलो होतो. कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. कुठल्या भागाशी कसं बोलायचं हे त्याला आधीच ठरवून द्यावं लागतं. माझं निम्मं आयुष्य असल्या याद्या भरण्यात गेलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. यंत्र विचारतं, मी उत्तर देतो, पुढचा प्रश्न. माणसांशी असं चटचट होत नाही.

सर्व्हरला सहा डिस्कची एक वेगळी पेटी जोडलेली आहे. पेटीशी बोलतं कंट्रोलर कार्ड आणि कार्डाशी बोलतो त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमधला दुभाष्या. त्या ड्रायव्हरचे अकरा पर्याय. त्यातला एक तर विनोदीच होता. डिस्क रीसेट केल्यावर त्यांच्या उत्तराची वाट किती बघायची, तर जुन्या यादीत पंधरा हजार मिलिसेकंद. म्हणजे पंधरा सेकंद! यंत्र सुरू करताना दर वेळी काळ्या पडद्याकडे बघत हात चोळत बसायचं. मी पाच हजार करून टाकले. नवा ड्रायव्हर स्वतःही पाचच सुचवतो. बाकीचे पर्यायही जमेल तसे चोख केले. मग जुना कर्नल पुसला आणि त्याची यादीही पुसली. अडगळ ठेवायची मला सवय नाही.

बाबांना आज दोन घास जास्त गेले.

४ फेब्रुवारी

डिस्क उठत नाहीत. सहापैकी एकही नाही.

पडद्यावर ओळी येतात: हाक मारली, उत्तर नाही, रीसेट केलं, हाक मारली, उत्तर नाही, रीसेट केलं. असं बारा वेळा झालं की ड्रायव्हर हात टेकतो. पेटीतून घुर्र असा आवाज येतो, जरा चढतो, आणि रीसेट झालं की पुन्हा खाली बसतो. केबल काढून लावली, कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलं. काही नाही. उद्या बघू. कुठलातरी एखादा पर्याय चुकला असणार, अजून काय?

५ फेब्रुवारी

उद्या बघू म्हणालो होतो, तो उद्या आज होता आणि काही झालं नाही.

रात्रीच्या जेवणाला हिने विचारलं, एवढं काय आहे त्या पेटीत? बायकोला सांगितलं तेच इथे लिहितो, म्हणजे मलाही नीट कळेल. आमच्या केंद्रात चेहऱ्याचे अवयव बनवतात. कर्करोगाने किंवा दुसऱ्या आजाराने ज्यांचं नाक, कान, गालाचा भाग काढावा लागला, त्यांना तो सिलिकॉनचा करून देतात. शस्त्रक्रियेच्या आधी चेहऱ्यावर प्लॅस्टर घालून, त्यात पुन्हा ओतून, हुबेहूब चेहऱ्यासारखा प्लॅस्टरचा साचा करून ठेवायचा, आणि पुढे त्यावरून त्या माणसाचं स्वतःचं नाक करायचं. सिलिकॉन दोन-तीन वर्षांत खराब होतं. म्हणून साचा आयुष्यभर लागतो, आणि तो पुन्हा घेता येत नाही, कारण ज्याचा साचा घ्यायचा ते आता चेहऱ्यावर नसतं. (आमच्याकडे कुणी नाक मुरडत नाही आणि कुणाच्या नाकी नऊ येत नाहीत. म्हणजे येतात, पण तसं बोलायचं नाही, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात.)

हे साचे तीस वर्षं बाबांनी घेतले. तीनशे बारा चेहरे. बाबा केंद्राचे साचेकार आणि मी त्याच केंद्राचा संगणकवाला. दहा वर्षांपूर्वी मीच सुचवलं की साचे स्कॅन करून डिस्कवर ठेवू, म्हणजे ती फडताळांनी भरलेली खोली मोकळी होईल. दोन वर्षं खपून एकेक चेहरा स्कॅन केला. मग साचे फोडून टाकायचे ठरले, तेव्हा बाबा म्हणाले, "मी केलेत, मीच फोडतो." निवृत्तीच्या आधीचा आठवडाभर ते केंद्राच्या मागच्या अंगणात हातोडा घेऊन बसत. आवाज यायचा. किती मोठ्या मनाने घेतलं म्हणून सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, मीही केलं.

हिने विचारलं, "बॅकअप नाही का?"

आहे. त्याच पेटीत आहे. टेपचं यंत्र दोन वर्षांपूर्वी बिघडलं तेव्हा तात्पुरती सोय म्हणून केलं होतं. यावर ही ताट उचलून आत गेली.

७ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंना सांगावं लागलं. केंद्राच्या प्रमुख असल्या तरी त्या ओरडत नाहीत, हीच अडचण आहे. फक्त विचारलं, "तिकीटबाईंचं कधी देता येईल?"

तिकीटबाई म्हणजे बसस्थानकाच्या तिकीट खिडकीवर बसणाऱ्या बाई. अकरा वर्षांपूर्वी त्यांचं नाक काढलं. आता करायचं ते पाचवं. आमचा नियम असा की नवं करायला घेतलं की जुनं जमा करायचं, आणि ते लगेच कापून टाकायचं, कारण त्याला आतून बुरशी धरते आणि लोक मोह सोडत नाहीत. त्यांनी आपलं जुनं नाक एक तारखेला जमा केलं, दोन तारखेला ते कापलं, आणि तीन तारखेला मी नवा कर्नल बांधला. तेव्हापासून त्या कापडी मास्क लावून घरी बसल्या आहेत. रजा महिनाअखेरपर्यंत आहे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाकीच्यांकडे निदान झिजलेलं तरी आहे, त्यावरून ओबडधोबड काहीतरी काढू. यांचं काय करायचं?"

मी म्हटलं, दोन दिवस द्या. दोन दिवस हे मी कशाच्या जोरावर म्हटलं ते मला माहीत नाही.

९ फेब्रुवारी

एका डिस्कला एका वेळी किती हुकूम द्यायचे तो आकडा २५३ वरून १६ वर आणला, मग ४, मग १. वेग अर्ध्यावर आणला. तपासणीचा बिट बंद केला, पुन्हा चालू केला. दर वेळी कर्नल पुन्हा बांधायचा, यंत्र बंद करायचं, सुरू करायचं, आणि त्याच बारा ओळी बघायच्या. आतापर्यंत एकतीस वेळा. मदतीचा मजकूर मला आता झोपेतही म्हणता येईल.

घरी बाबांना सगळं सांगितलं. डिसेंबरात झटका आला तेव्हापासून त्यांची उजवी बाजू गेली आहे आणि वाचा जवळजवळ गेलीच. कळतं सगळं, असं ही म्हणते. मी म्हटलं, "बाबा, तुमचे चेहरे अडकलेत हो पेटीत." ते माझ्याकडे बघतच राहिले. मग डाव्या हाताने छातीवर थापट्या मारायला लागले, शर्टाच्या खिशापाशी. मी विचारलं, "दुखतंय? छातीत दुखतंय? जळजळतंय? पाणी देऊ?" ते अजून जोरात थापट्या मारायला लागले. मी सरळ गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. हृदयाचा आलेख काढला, तो ठणठणीत निघाला. परत येताना त्यांनी खिशावर हात ठेवला होता आणि डोळे मिटले होते. खिशात काय असतं त्यांच्या? ती एक जुनी किल्ली. घराच्या मागच्या खोलीची.

तीन तास गेले.

११ फेब्रुवारी

एक बरं काम झालं. बाबांना न्हाणीघरापर्यंत नेणं आता हिच्याच्याने होत नाही. दोन पायऱ्या उतराव्या लागतात. म्हणून अंगणातली मागची खोली मोकळी करून तिथे त्यांची सोय करायचं ठरवलं: खाट, आणि लागूनच त्यांच्यापुरतं न्हाणीघर, चाकाची खुर्ची सरळ आत जाईल असं. गवंडी आजपासून लागला.

मी कार्डाच्या दिव्यांकडे बघत असताना त्याचा फोन आला. "साहेब, खोलीला कुलूप आहे."

"तोडा."

थोड्या वेळाने पुन्हा. "साहेब, आत पोती आहेत हो. चाळीसेक. जड आहेत, प्लॅस्टरचं काहीतरी दिसतंय."

बाबांची जुनी खोड. केंद्रातून उरलेलं प्लॅस्टर आणून ठेवायचं, कधीतरी कामाला येईल म्हणून. आठ वर्षांत दगड झालं असणार. मी म्हटलं, "टाकून द्या."

"टाकायचं कशाला, न्हाणीघराची जमीन दीड फूट उचलायचीय ना? भरावाला घेतो. मुरूम आणायला नको."

हुशार माणूस. मला अशी चटकन डोकं चालवणारी माणसं आवडतात.

१२ फेब्रुवारी

काल रात्री बाबा रडले. आज सकाळीही रडले. खिडकीशी खुर्ची नेऊन ठेवली होती, अंगणातलं काम बघून करमेल म्हणून. ही म्हणाली, गवंडी भराव ठोकून बसवायला धुम्मस मारत होता तेव्हा बाबा डावा हात खिडकीच्या गजांवर आपटत होते. हात सुजलाय. झटका आल्यावर माणसं उगाच रडतात, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. भावनांचा ताबा राहत नाही. खुर्ची दुसरीकडे हलवायला सांगितली.

हिचं म्हणणं, "त्यांना काहीतरी सांगायचंय. तुम्ही जरा बसा ना त्यांच्याजवळ."

बसलो होतो. "काय हवंय? आवाजाचा त्रास होतोय? खोली आवडली नाही? भूक लागलीय? आई आठवतेय?" एकालाही उत्तर नाही. फक्त ओठ हलतात. शेवटी उठलो. मला ते बघवत नाही, हे खरं कारण आहे. ज्या माणसाने मला बोलायला शिकवलं त्याचे ओठ असे नुसते हललेले मला बघवत नाहीत.

१६ फेब्रुवारी

चौथ्या डिस्कमधून खरवडल्यासारखा आवाज येतो आहे.

दुसरं कार्ड मागवलं, तेही लावून पाहिलं. त्याच बारा ओळी. मोजणं सोडलं आहे, पण सत्तरच्या वर वेळा तरी सुरू-बंद केलं असेल. आज पहिल्यांदाच मनात आलं की हे होणारच नाही. तीनशे बारा माणसं आपापलं नाक आणि कान माझ्या भरवशावर ठेवून गेली होती. आणि मी त्यांना काय दिलं, तर एक मोकळी खोली. तिथे आता थांबायला आलेल्या लोकांसाठी खुर्च्या आहेत.

१७ फेब्रुवारी

तिकीटबाई केंद्रात आल्या होत्या. त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर. मी बाजूने सटकणार होतो, त्यांनी हाक मारली.

"साहेब, काका कसे आहेत?" काका म्हणजे बाबा.

मी म्हटलं, आहेत तसेच.

"साचा घेतला तेव्हा मी फार घाबरले होते. तोंडभर ओलं प्लॅस्टर, श्वासाला नुसत्या दोन नळ्या. काका सारखे म्हणत होते, हलू नका बाई, हे एकदाच करायचं आहे, मग तुमचं नाक कुठे जात नाही." मास्कच्या वर त्यांचे डोळे हसत होते. "खिडकीवर काय होतं माहितीये का? माणूस आधी वाकून गावाचं नाव सांगतो आणि मग मान वर करतो. मला तेवढ्या एका क्षणाचीच भीती वाटते. काकांनी केलेलं नाक होतं तोवर कुणी दुसऱ्यांदा बघायचं नाही. कधी होईल हो?"

मी म्हटलं, तांत्रिक अडचण आहे. हे दोन शब्द मी आयुष्यात हजारदा वापरले असतील. आज जीभ जड झाली.

१९ फेब्रुवारी

न्हाणीघर झालं. पांढऱ्या फरशा, धरायला दांडे, खुर्ची सरळ आत जाते. गवंड्याने शब्द पाळला. आणि बाबा आत जायला तयार नाहीत! उंबऱ्याशी खुर्ची नेली की डाव्या हाताने दाराची चौकट धरून ठेवतात. इतकी ताकद त्यांच्यात आहे हे मला माहीत नव्हतं. बळेच आत नेलं तर पाय उचलून धरले, फरशीला टेकवेनात. मी ओरडलो. एवढा खटाटोप केला तो कुणासाठी, असं ओरडलो. ही मधे पडली. त्यांना जुन्याच न्हाणीघरात दोन पायऱ्या उतरवून नेलं.

आजारी बापावर ओरडणारा माणूस म्हणून मी स्वतःला आज पहिल्यांदा पाहिलं.

२२ फेब्रुवारी

चौथी डिस्क आता आवाजच करत नाही. पहिली खरवडते आहे. रचना अशी की सहापैकी एक गेली तर बाकीच्या पाचांवरून सगळं परत मिळतं. दोन गेल्या तर कुणाचंच काही मिळत नाही.

२४ फेब्रुवारी

आज घरी होतो, कारण केंद्रात जायला पाय उचलेना. बोलणं शिकवणाऱ्या बाई बाबांसाठी आठवड्यातून दोनदा येतात. मी एकदाही त्यांच्या वेळेला घरी नव्हतो. आज होतो.

त्यांनी बाबांना विचारलं, "काका, हे कोण?" आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "बाबा, मी कोण? सांगा, मी कोण?"

बाईंनी हात वर करून मला थांबवलं. "तुम्ही बोलू नका. मनात मोजा. पंधरापर्यंत."

मोजायला लागलो. पाचला मला वाटलं, झालं. आठला वाटलं, आता पुरे, किती छळायचं त्यांना. अकराला त्यांचे ओठ हलले. चौदाला बाबा म्हणाले, "मुल-गा."

अडीच महिन्यांत मी ऐकलेला त्यांचा पहिला शब्द. मला हुंदका आवरेना. बाई म्हणाल्या, "त्यांना उत्तर येतं, साहेब. पण वेळ लागतो. तुम्ही मधेच दुसरं विचारलंत की त्यांचं पहिल्यापासून सुरू होतं. मग ते कधीच उत्तरापर्यंत पोचत नाहीत. वहिनींना मी सांगितलं होतं, तुम्हाला सांगायला."

ही दारात उभी होती. म्हणाली, "मी सांगत होते, हे ऐकून घेतील तेव्हा ना."

संध्याकाळी ही वही उघडली, आजचं लिहायला. आणि का कोण जाणे, मागची पानं चाळत पहिल्या पानावर गेलो. तीन फेब्रुवारी.

पाच हजार.

माझ्याच अक्षरात. वर 'विनोदी' असंही लिहिलंय.

२५ फेब्रुवारी

सकाळी सात वाजता केंद्र उघडून घेतलं. रीसेटनंतरची वाट: पंधरा हजार. एकच आकडा बदलला आणि कर्नल बांधला. यंत्र सुरू केलं आणि मोजायला लागलो. घुर्र आवाज चढला, या वेळी खाली बसला नाही. एकामागून एक उठायला लागल्या. नऊला दुसरी, अकराला तिसरी, बाराला पाचवी, चौदाला सहावी. म्हाताऱ्या डिस्क, एकदम सगळ्या उठल्या तर वीज पुरत नाही, म्हणून आपापल्या पाळीने उठतात. ज्याने पंधरा लिहिलं होतं त्याला हे ठाऊक होतं.

पहिली आणि चौथी उठल्या नाहीत. साठपर्यंत मोजलं. मग तीनशेपर्यंत मोजलं.

तीन तारखेला सहाही धडधाकट होत्या. त्या आजारी नव्हत्याच. दर पाच सेकंदांनी हाक मारून मीच त्यांना उठू दिलं नाही. शेकडो वेळा अर्ध्यावर खाली बसवलं, आणि त्यात दोन मेल्या. हा दोष कुणाच्याही माथी मारता येत नाही. मी माझ्या पायावर धोंडा मारून घेतला असता तर परवडलं असतं, पाय तरी माझा होता.

डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या दोन डिस्क त्या बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवणार आहेत. मी म्हटलं, पाठवा. तो खरवडल्याचा आवाज त्यांनी ऐकलेला नाही, मी ऐकलेला आहे.

घरी आलो, बाबांच्या खाटेशी बसलो आणि म्हटलं, "बाबा, तुमचे साचे गेले. सगळे. माझ्यामुळे गेले." आणि गप्प बसलो. मोजायला लागलो.

तेरा. "फोडले."

मी म्हणणार होतो, हो बाबा, तुम्ही फोडले होते, माहीत आहे. दातांखाली जीभ धरली. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो.

बारा. "ना-हीत."

फोडले नाहीत. फोडले नाहीत! ते अंगणातले हातोड्याचे घाव, ते कौतुक! म्हाताऱ्याने सगळ्या केंद्राला फसवलं होतं. बिघडलेले चार फोडत बसले असतील आणि बाकीचे घरी आणले. मी हसत होतो, आणि ही स्वयंपाकघरातून धावत आली. मी विचारलं, "बाबा, कुठे आहेत? कुठे ठेवलेत?"

नवव्या आकड्याला त्यांचा डावा हात उठला. खिशाकडे गेला. खिशात किल्ली होती. मग तो हात खिडकीकडे वळला, अंगणाकडे, नव्या न्हाणीघराकडे.

पुढचं मोजावं लागलं नाही.

२६ फेब्रुवारी

गवंड्याला बोलावलं. त्याने आठवून सांगितलं, "कागदात गुंडाळलेले गोळे होते साहेब. एकेक नीट गुंडाळलेला. मी म्हटलंसुद्धा पोराला, कुणीतरी फार जपून ठेवलंय. पण तुम्हीच म्हणालात ना..."

हो. मीच म्हणालो.

"धुम्मस चांगला मारला हो. जमीन पुढे बसू नये म्हणून." तो स्वतःच्या कामाबद्दल सांगत होता, बिचारा.

बाबांनी हे सगळं खिडकीतून पाहिलं. हाताने गज आपटून सांगत होते, आणि मी खुर्ची हलवायला सांगितली. मग त्यांचे चेहरे गाडलेल्या फरशीवर त्यांना बळेच नेलं. आता त्यांच्यासमोर बसतो तेव्हा ते माझ्याकडे रागाने बघत नाहीत. बघितलं असतं तर सोपं गेलं असतं.

आज मी स्वतः फरशी फोडायला घेतली.

२ मार्च

पाच दिवस रजा टाकली आहे. वर चुरा, मग कागद, मग तुकडे. वाळूची चाळण आणली आहे. मी उकरतो, ही ब्रशने झाडते, बाबा खुर्चीत बसून डाव्या हातात एकेक तुकडा घेतात. बोटांनी चाचपून बघतात. मी मोजतो. मग ते आकडा सांगतात, किंवा मान हलवतात. प्रत्येक साच्याच्या मागे त्यांनी पेन्सिलीने क्रमांक घातला होता. जिथे क्रमांकाचा तुकडा सापडतो तिथे बरं. बाकी त्यांची बोटं.

कपाळं सापडतात. हनुवट्या सापडतात. कान काही बरे निघाले, सतरा कान अख्खे आहेत, त्या सतरा माणसांना मी उद्याच कळवणार आहे. पण नाक हा चेहऱ्यातला पुढे आलेला भाग. धुम्मस आधी त्यालाच लागला.

काल १८७ सापडला. तिकीटबाईंचा. कपाळ, मिटलेला डावा डोळा, डावा गाल. गालाच्या कडेला जिथे नाक सुरू व्हायचं तिथे तुटला आहे.

डिस्क तज्ज्ञांकडून फोनवर उत्तर आलं. खरवडून सगळं गेलंय, काही निघणार नाही.

५ मार्च

तिकीटबाईंना मी बोलावलं होतं. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. त्या आल्या, अंगणात फोडलेलं न्हाणीघर बघितलं, ढीग बघितले, आणि उभ्याच राहिल्या. मी सगळं सांगितलं. पाच हजार सांगितलं, पोती सांगितली, "टाकून द्या" सांगितलं. तांत्रिक अडचण म्हटलं नाही.

डॉक्टरबाईंनी फोटोवरून करू असं सुचवलं होतं, तेही सांगितलं.

"फोटो समोरचे आहेत माझे," त्या म्हणाल्या. "कोण एका बाजूने फोटो काढतं? तसं केलं तर कुणाचं तरी नाक होईल. माझं कशाला म्हणायचं?"

मी १८७ चा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मिटलेला डोळा अंगठ्याने पुसला. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. मग त्या बाबांच्या खुर्चीसमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही केलं होतंत. चार वेळा माझं नाक तुमच्या साच्यावरून झालं. तुम्हाला आठवतं ना, कसं होतं?"

बाबा त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी डावा हात पुढे केला आणि मास्कवरून, जिथे काही नाही तिथे, बोटं ठेवली. बाई हलल्या नाहीत. मी मोजत होतो. पंधरा झाले. वीस झाले. हिने माझा दंड धरला होता. सव्वीस झाले तेव्हा बाबांचे ओठ हलले.

"नाही," बाबा म्हणाले. आणि रडायला लागले. आता मला माहीत आहे की ते उगाच रडत नाहीत.

तिकीटबाईंनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "रडू नका काका," त्या म्हणाल्या. "मलाही आठवत नाही."

मला बोलावंसं वाटलं, क्षमा मागावीशी वाटली, दहा गोष्टी ओठांपर्यंत आल्या. मी गप्प बसलो. त्या आणखी काही म्हणतील तर त्यांना ते म्हणता यावं.

बऱ्याच वेळाने त्यांनी पदर खोचला, पालथी बादली ओढून तिच्यावर बसल्या आणि चाळण पुढ्यात घेतली.

"यातले कुठले बघून झालेत?" त्यांनी विचारलं.

मी डावीकडचा ढीग दाखवला.